गोलमागची मानाची खुर्ची

गिरणीवाल्याला हळू बोलता येत नाही. दिवसभर मोटर, पट्टा आणि जातं यांच्यावर आवाज चढवायचा म्हटल्यावर घसा तसाच घडतो. आमचे चनमल्लप्पा अण्णा एखाद्याच्या कानात गुपित सांगायला लागले, तर ते बसस्टँडवर आधी पोचतं आणि ज्याला सांगितलं त्याला नंतर कळतं. माझं मोटारसायकलच्या सीट कव्हरचं दुकान त्यांच्या गिरणीला लागून आहे. त्यामुळं बिदरजवळच्या आमच्या जनवाड्यात अण्णांचं सगळ्यात जास्त कुणी ऐकलं असेल तर ते मी, माउली. अर्धा बहिरा झालोय, पण तक्रार नाही.

आमच्या गावात फुटबॉल आला तो अण्णांमुळं. ते स्वतः कधी चेंडूला पाय लावल्याचं कुणाला आठवत नाही. गिरणीमागच्या मैदानावर पूर्वी क्रिकेट चालायचं आणि चेंडू धाडकन गिरणीच्या पत्र्यावर पडायचा. अण्णांनी इतके चेंडू जप्त केले की क्रिकेट आपोआप बंद पडलं. मग शाळेचे खेळाचे मास्तर राजपाल सर एक मोठा चेंडू घेऊन आले आणि म्हणाले, "अण्णा, हा पत्र्यावर पडत न्हाई. पडला तरी फुटत न्हाई." अण्णांनी परवानगी दिली. परवानगी देणारा माणूस आपल्याकडं पुढं मालक होतो, तसे अण्णाही झाले.

मैदानाच्या कडेला लिंबाचं झाड आहे. त्याखाली दर सामन्याला आमची बैठक. मोबाइलवर आमचा ग्रुपही आहे, 'जनवाडा फुटबॉल अभिमानी बळग'. कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहते, बळग म्हणजे मंडळ. अभिमान बाळगणारे पुष्कळ, चेंडू आणायला खालच्या ओढ्यात उतरणारा एकही नाही. या बळगाचे अण्णा अघोषित अध्यक्ष. सामना सुरू झाला की ते उभे राहत आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत अकरा पोरांना अकरा प्रकारचे सल्ले देत. मराठीत सल्ला, कन्नडमध्ये शिवी आणि फारच जिवाला लागलं तर दखनीत शाप.

गंमत म्हणजे पोरं ऐकत. त्याला कारण होतं. ही सगळी पोरं लहानपणी डोक्यावर दळणाचा डबा घेऊन अण्णांच्या गिरणीत गेलेली. तिथं पट्टा फिरत असताना अण्णा "मागं सर!" म्हणाले की मागं सरायचं, विचार नंतर करायचा. नाहीतर बोट जायचं. अण्णांच्या गिरणीत आजवर एकाही पोराचं बोट गेलेलं नाही, हे सांगायलाच हवं. ती सवय पोरांच्या अंगात मुरलेली. आमचा गोलकीपर प्रभुलिंग आता सहा फुटी जवान आहे, ट्रॅक्टर चालवतो, पण लिंबाखालून "प्रभ्या, बाहीर ये!" असा आवाज आला की गोल सोडून पळत बाहेर यायचा. मग चेंडू त्याच्या डोक्यावरून आत. अण्णा कपाळावर हात मारून म्हणायचे, "उशिरा आला! मी सांगितलं तवाच यायला पायजे होतं!"

आम्ही वर्षानुवर्षं हरत आलो आणि कधीही अण्णांची चूक निघाली नाही.

आता हसायला ठीक आहे. पण मी शेजारी, मला आतलं दिसायचं. अण्णांच्या घरात राज्य गंगम्माक्कांचं, गिरणीत राज्य मोटरचं. मुलगा पुण्याला. फोन लावला की "अप्पा, आवाज कमी करा, मी मीटिंगमध्ये आहे" एवढंच बोलतो. पॅकबंद आटा आल्यापासून गिरणीतही गर्दी उरली नव्हती. या माणसाच्या आवाजानं चार डोकी वळतात अशी जगात एकच जागा राहिली होती, ती म्हणजे लिंबाखालची. ती गेली असती तर त्यांच्याकडं काही उरलं नसतं, हे मला कळत होतं. त्यांना तर माझ्याआधी कळत होतं.

अशात टीमला शिकवणाऱ्या राजपाल सरांचे गुडघे गेले. त्यांनी लिंबाखाली येऊन सांगितलं, "क्लबला सहायक कोच आणायलोय. शिकलेला आहे, बेंगळुरूला कोर्स केलाय."

बळगात खळबळ उडाली. सहायक म्हणजे नक्की कोण, यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. एकाचं म्हणणं, सहायक म्हणजे पाण्याच्या बाटल्या धरणारा. दुसरा म्हणाला, तहसीलला सहायक असतो तसा, याच्याशिवाय कागद हलत नाही. तिसऱ्यानं विचारलं की आपण हरतोच आहोत, त्याला आणखी सहाय कशाला? अण्णांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्यांना टाइप करता येत नाही. त्यांनी गिरणीच्या दारात उभं राहून आपलं मत दिलं आणि ते ग्रुपपेक्षा लांब पोचलं. "इतकी वर्सं मी काय झक मारायलोय व्हय? सहायक मी असताना दुसरा कामून पायजे?"

नवा कोच आला. नागेंद्र नाव, तिशीतला, शिडशिडीत, गळ्यात शिट्टी. पहिल्याच दिवशी त्यानं पिशवीतून लाल प्लास्टिकचे शंकू काढले आणि मैदानावर ओळीनं मांडले. पोरं त्यांच्यामधून नागमोडी पळायला लागली. लिंबाखालून आवाज आला, "मोटारीचं लायसन काढायलेत का रे?" सगळे हसले. पोरंही हसली. नागेंद्र हसला नाही. सरावाच्या आधी भजी खायची नाहीत, असा त्यानं नियम काढला, तेव्हा भजीवाल्यासकट सगळं बळग अण्णांच्या बाजूला गेलं. आणि मग त्यानं ते केलं जे करायला नको होतं. पोरांना रिंगणात उभं केलं आणि स्पष्ट सांगितलं, "मैदानाबाहेरून काहीही ऐकू आलं तरी ऐकायचं नाही."

हे अण्णांनी ऐकलं. त्या संध्याकाळी ते माझ्या दुकानात येऊन बसले. बराच वेळ एका जुन्या सीट कव्हरचा दोरा ओढत होते. शेवटी म्हणाले, "माउली, ह्येला मी घालवतो बघ."

घालवण्याची आमच्याकडची पद्धत सोपी आहे. भर बैठकीत माणसाची कुंडली विचारायची. हा कुणाचा कोण, हे उघड्यावर आणायचं. सात पिढ्यांत गावाशी काही संबंध नाही हे सिद्ध झालं, की तो परका ठरतो. परक्याचं कुणी कशाला ऐकावं? आयतवारी सराव संपल्यावर अण्णांनी नागेंद्रला लिंबाखाली बोलावलं. बळग जमलेलंच होतं.

"गाव कंचं?"

"दुबलगुंडी."

अण्णांनी आमच्याकडं विजयी मुद्रेनं बघितलं. दुबलगुंडी म्हणजे हुमनाबादकडचा माणूस. "आन् जनवाड्यात तुमचं काय हाय? घर? रान? आजोळ? कोन वळखतं तुमाला इथं?"

नागेंद्र जरा संकोचला. म्हणाला, "सासुरवाड आहे."

"कुणाची?"

"अमृतप्पांची. ते कलबुर्गीला असतात. त्यांची पवित्रा माझी पत्नी. मामा, मी तुमच्याकडं येणारच होतो पाया पडायला. आधी संघात आपलं काम दाखवू, मग नातं सांगू, असं वाटलं." आणि तो खरंच वाकला.

लिंबाखाली इतकी शांतता पसरली की गिरणीच्या पत्र्यावर बसलेल्या कावळ्याची नखं ऐकू आली. अमृतप्पा म्हणजे अण्णांचे सख्खे चुलत भाऊ. पवित्रा त्यांच्या मांडीवर खेळलेली. तिचं लग्न झालं लॉकडाऊनमध्ये, मोजक्या माणसांत. अण्णांनी ते मोबाइलवर बघितलं होतं. नवऱ्याच्या कपाळाला बाशिंग आणि तोंडाला मास्क, मध्ये दोन डोळे. तेवढ्यावरून कोण कुणाला ओळखणार? आणि नावाचं म्हणाल, तर आमच्याकडं जावयाचं नाव कोण घेतं? 'दुबलगुंडीचे पाव्हणे' म्हणायचं, काम भागतं. अण्णा पाच वर्षं दुबलगुंडीच्या पाव्हण्यांची ख्यालीखुशाली विचारत होते. त्यांना नागेंद्र नावाचा माणूस असतो हे माहीतच नव्हतं.

बातमी गंगम्माक्कांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्या पदर खोचून थेट गिरणीत आल्या. "अवो, जावयाला लायसन काढायलास का म्हनलात? घरच्या जावयाला? आन् तेबी धोंड्याच्या महिन्यात?"

धोंड्याचा महिना आम्ही मानत नाही. बसवण्णांचे लोक आम्ही, असलं कर्मकांड नको म्हणणारे. पण जावयाला जेवायला बोलवायचं म्हटलं की सगळे महिने आमचेच. गंगम्माक्कांनी नागेंद्र आणि पवित्राला बोलावून गव्हाची गोड हुग्गी, पोळी, तूप असं जेवू घातलं, अण्णांच्या हातून टॉवेल-टोपी देवविली आणि त्यांच्यासमोरच अण्णांना बजावलं की मैदानावर जावयाला किंवा जावयाच्या टीमला एक शब्द बोललात तर भाकरी मिळायची नाही. जावई एका घराचा असला तरी गावाचा होतो, या न्यायानं सगळ्या बळगाचंच तोंड शिवलं गेलं. सगळे खेळाडू एका दिवसात कोचचे मेहुणे झाले. शिट्टी वाजली की "आलो दाजी!" म्हणून पळायला लागले. दाजींसाठी मैदानात खुर्ची आली, छत्री आली. बिचाऱ्याला उभं राहून शिकवायची मुश्कील झाली. भजीवाला तर रोज एक प्लेट घेऊन हात जोडून उभा. ज्या माणसानं भजी बंद केली होती, त्याला ती रोज खावी लागली.

आणि अण्णा गप्प झाले. लिंबाखाली येत, बसत, ओठ मिटून. कुठं चूक दिसली की गुडघ्यावर बुक्की मारत आणि आवंढा गिळत. मला भीती वाटायची, या माणसाच्या घशाला गाठ येईल.

पण त्याहून वाईट गोष्ट पुढं झाली. आम्ही जिंकायला लागलो.

कमठाण्याला हरवलं. कमठाण्याला आम्ही उभ्या जन्मात हरवलं नव्हतं. मग बिदरच्या स्पर्धेत एकामागून एक सामने मारले. प्रभुलिंग गोल सोडून हलतच नव्हता. कुणी बाहेर बोलवतच नव्हतं, तर तो येणार कशाला? लायसनवाले शंकू म्हणून हसणाऱ्या बळगानं ग्रुपवर नागेंद्रचा फोटो लावला, खाली 'जनवाड्याची शान, आमचे दाजी'. प्रत्येकजण म्हणत होता की सहायक कोचची किमया. आम्ही का जिंकतोय, याचं दुसरं कारण सगळ्यांच्या ओठांवर होतं. अण्णा समोर असताना ते कुणी बोललं नाही, एवढी माणुसकी बळगात शिल्लक होती. अण्णा मात्र म्हणायचे, "जिंकायलेत खरं, पण खेळात दम न्हाई." मी व्हय म्हणायचो. मित्र आहे मी त्यांचा.

अंतिम सामना बिदरला, हुमनाबादकडच्या तगड्या टीमशी. आम्ही टेम्पोनं गेलो. सामन्याआधी नागेंद्र अण्णांकडं आला. हात जोडून म्हणाला, "मामा, तुम्ही गप्प बसता ते पवित्राला बघवत नाही. मलाही. आज मोकळं ओरडा. आमच्या पोरांवर ओरडलात तर मामी मला बोलतील. त्यांच्यावर ओरडायला कुणाची मनाई? तुमच्यासाठी मानाची खुर्ची मांडलीय." खुर्ची होती हुमनाबादवाल्यांच्या गोलच्या मागं, जाळीला जवळजवळ चिकटून.

त्याला सासऱ्याची दया आली होती की त्याचं डोकं चाललं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अण्णांनी असला विचार केलाच नाही. जावयानं मान दिला, घसा मोकळा झाला, बस. ते खुर्चीवर ऐटीत बसले. मी मागं उभा राहिलो.

सुरुवातीला त्यांनी समोरच्या गोलकीपरला नुसत्या शिव्या दिल्या. पण अण्णांचा स्वभाव असा की समोर चूक दिसली तर दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही, मग ती शत्रूची का असेना. आमचा मंजुनाथ चेंडू घेऊन कडेनं पळाला. त्याच्यासमोर त्यांचा खेळाडू होता, गोलकीपरला हलायची काही गरज नव्हती. अण्णा उसळून उठले, "अरे बाहीर ये की! बाहीर ये!" कानामागून असा आवाज आल्यावर पाय आधी ऐकतात, डोकं मागून. पोरगं पळत बाहेर आलं. मंजुनाथनं रिकाम्या गोलात चेंडू ढकलला. आम्ही नाचलो. अण्णाही नाचले, आणि नाचता नाचता त्या पोरालाच म्हणाले, "उशिरा आलास लेका!"

हुमनाबादवाल्यांनी गोल फेडला, बरोबरी झाली. मध्यंतर व्हायला आलं तेव्हा त्यांचा कॅप्टन पाणी प्यायला गोलपाशी आला आणि आपल्या गोलकीपरला म्हणाला, "मागचा म्हातारा काय म्हणेल त्याच्या बरोबर उलटं करायचं. जनवाड्याची टीम त्याचं ऐकून ऐकूनच इतकी वर्सं हरायली. सगळ्या जिल्ह्याला माहीत हाय."

जाळीच्या अलीकडं अण्णा. अंतर हातभर. त्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. त्यांच्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही.

शिट्टी झाली. दोन्ही टीमनी बाजू बदलल्या. हुमनाबादचा गोलकीपर दुसऱ्या टोकाला गेला, आणि नागेंद्र लगबगीनं आमच्याकडं आला. "मामा, जरा उठता? खुर्ची तिकडं घेऊ."

अण्णा उठले. जावई खुर्ची डोक्यावर घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघाला, त्या गोलकीपरच्या मागोमाग. अण्णा त्या खुर्चीकडं बघत राहिले. मानाची खुर्ची एका जागी असते. ही गोलकीपरमागं फिरायली होती. त्यांचा चेहरा मी आयुष्यात तसा बघितला नव्हता. मला नागेंद्रचा इतका राग आला की जावई असो नाहीतर आणखी कुणी, जाऊन कानाखाली द्यावी असं वाटलं. मी म्हणालो, "अण्णा, जाऊ आपन घरला. टेम्पो कशाला, बस हाय."

ते चालत गेले आणि खुर्चीवर बसले.

आमची पोरं थकली होती, भजी नसतानाही. मग एकदा मंजुनाथला मधोमध चेंडू मिळाला. त्यांचे दोन खेळाडू त्याच्यावर धावून आले. आता गोलकीपरनं फक्त जागेवर उभं राहायचं होतं, बाकी काही नाही. अण्णा सावकाश उठले. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि गिरणीची मोटर, पट्टा, जातं सगळं दाबून टाकील असा आवाज काढला, "आतच थांब! जागा सोडू नगं!"

गोलकीपर हसला. म्हाताऱ्याचं उलटं करायचं, हे त्याला पाठ होतं. तो सुसाट बाहेर धावला. मंजुनाथनं चेंडू अलगद त्याच्या डोक्यावरून सोडला.

पुढं काय झालं ते जिल्ह्याच्या पेपरात आलंय. कप, हार, गुलाल, नागेंद्रला खांद्यावर घेऊन पोरं नाचली. 'सहायक कोचची किमया' असा मथळा आला. अण्णांचं नाव कुठंही नव्हतं. बळगातला एकजण अण्णांना टाळी देत म्हणाला, "नशीब बगा अण्णा, तुमी ओरडलात आन् त्येनी ऐकलं न्हाई!" अण्णांनी टाळी दिली.

परतताना टेम्पोत सगळे गात होते. अण्णा माझ्या शेजारी, फाळक्याला टेकून. बिदर मागं पडल्यावर ते माझ्याकडं वळले आणि हळू बोलले. माणसं बोलतात तसं हळू. इतक्या वर्षांच्या शेजारात मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला, म्हणून चटकन ओळखूही आला नाही.

"माउली, प्रभ्याला पन असंच म्हनायला पायजे होतं. न्हाई का?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. समोर प्रभुलिंग गुलालानं माखून, दात काढून नाचत होता.

पुढचा सामना आमच्याच मैदानावर होता. मला वाटलं अण्णा येणार नाहीत. पण ते सगळ्यांच्या आधी आले, गिरणीतली लोखंडी खुर्ची घेऊन. लिंबाखालच्या बैठकीवरून सरळ पुढं गेले आणि पाहुण्या टीमच्या गोलमागं खुर्ची टाकली. मध्यंतराला नागेंद्र धावत आला तोवर त्यांनी खुर्ची स्वतःच उचलली होती.

"मामा, द्या इकडं."

"सरा बाजूला," अण्णा गरजले आणि जावईही गावच्या पोरांसारखा मागं सरला. "जावयाला काम लावत्यात व्हय कुटं?"

आणि खुर्ची डोक्यावर घेऊन ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघाले.